तोंडओळखीचा कावळा

कावळ्यानं मागून येऊन माझ्या टाळूवर टोच मारली, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या हातात वडिलांसाठी शिजवलेला भात होता. टोच फार जोरात नव्हती. ऑफिसात कुणी जाता जाता फायलीनं टपली मारावी, तशी होती, ओळखीतली. मी ताट पडू दिलं नाही, एवढंच. गच्चीच्या कठड्यावर आणखी सहाजण बसले होते. भाताकडे कुणीही बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. खांद्यानं कानाशी दाबून धरलेल्या फोनवर आई होती. "आला का रे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आला." "शिवला का?" "मला शिवला," मी म्हणालो. "पानाला अजून नाही."

वडील जाऊन अकरा दिवस झाले होते. चिंचवडला. दहाव्याचं सगळं आदल्या दिवशी तिकडे घाटावर चुलतभावानं केलं, कारण मी मस्कतला होतो. पिंड ठेवले, सगळे लांब जाऊन उभे राहिले, दीड तास उभे राहिले, आणि कावळा झाडावरून खाली उतरला नाही. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा एक कावळा वळला, तो पिंडाला टेकवला आणि सगळ्यांना मोकळं केलं. दर्भाचा कावळा शास्त्राला चालतो. आईला चालला नाही. "जन्मभर रांगेत उभं राहून सगळं घेतलं त्यांनी," ती फोनवर म्हणाली, "आणि शेवटी गवतावर भागवलं." तेव्हापासून ती जेवली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, म्हणून त्याही घेतल्या नव्हत्या. याबाबतीत ती डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. जीव मुलात अडकलाय, मुलगा मस्कतला आहे, तर कावळाही मस्कतचाच लागणार. "तू पान ठेव तिथं. बारा वाजायच्या आत. मग मी जेवते. कावळे आहेत ना तिकडे?" इथं मी नाही म्हणायला हवं होतं. ओमान म्हणजे वाळू आणि उंट असं आईच्या डोक्यात पक्कं आहे. तिनं मानलं असतं. पण गेले दहा महिने मी दर शुक्रवारी तिला फोनवर कावळ्यांचेच किस्से सांगत होतो. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि ती हसायची. वडील मागून विचारायचे, काय म्हणतोय, आणि ती तोंडावर पदर धरून सांगायची, कावळे मारतात हो त्याला.

मी इमारतींच्या देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. अल् खुवैरमधल्या अकरा इमारतींचे एसी, लिफ्ट, पाण्याचे पंप आमच्याकडे आहेत, आणि त्यातल्याच एका सहामजली इमारतीत मी चौथ्या मजल्यावर राहतो. म्हणजे काम संपवून घरी जायचं तर मी कामावरच जातो. गेल्या मे महिन्यात सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की डोक्यावर सतत कावळे ओरडतात. मी गच्चीवर गेलो. एसीच्या मोठ्या चिलरमागे घरटं होतं, सगळं तारांचं. कपडे वाळत घालायचे हँगर, आमच्याच स्टोअरमधली बांधायची तार, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि मधे मऊ अंथरूण म्हणून कुणाच्या तरी नक्षीदार ओमानी टोपीचा तुकडा. माझ्या घरापेक्षा ते घर जास्त लावलेलं होतं. आत दोन पिल्लं, नुसती तोंडं, लाल. घरटं मी काढलं नाही. घरटं हारूनभाईंनी काढलं. मी फक्त बोट दाखवलं. हारूनभाई आमचे एसी मेकॅनिक, वय बावन्न, गाव रत्नागिरी, राजीवडा. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि उन्हासाठी तोंडाला फडका गुंडाळलेला होता. मीही हेल्मेट घातलं होतं, पण त्या क्षणी कपाळ पुसायला काढलं. तो एक क्षण. ती दोघं, आई आणि बाप असावीत, डिश अँटेनावर बसून बघत होती, आणि त्या सगळ्या गच्चीवर तोंड असलेला मी एकटा होतो. पिल्लं आम्ही एका खोक्यात ठेवली. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता, म्हणून मी ते नीट, बाणाप्रमाणे ठेवलं. सावलीत. त्रेचाळीस डिग्रीत सावलीला जो अर्थ असतो तेवढ्या सावलीत. संध्याकाळी मी वर गेलो, खोक्यात बघितलं आणि पुन्हा खाली आलो.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पहिली टोच. मला वाटलं, योगायोग. तिसऱ्या दिवशी दोन. मग त्यांनी इतरांना सांगितलं असावं, कारण ज्यांचं मी काही केलं नव्हतं तेही येऊ लागले, शेजारच्या इमारतीवरचे, मशिदीसमोरच्या झाडावरचे, नात्यातले. मी चष्मा बदलला. मिशी काढली. हारूनभाईंची टोपी घालून बघितली. कावळ्यानं ती आधी व्यवस्थित उचलून बाजूला टाकली आणि मग टोचलं. इंटरनेटवर वाचलं की कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो आणि पोराबाळांना दाखवून ठेवतो. पुढे त्यावर इलाज दिला असेल म्हणून खालपर्यंत वाचत गेलो, तर खाली इतर लोकांचे कौतुकाचे शेरे होते. मग छत्री घेतली. वर्षातून दोनदा पाऊस पडणाऱ्या गावात रोज सकाळी छत्री उघडून गाडीपर्यंत चाळीस पावलं जाणारा माणूस म्हणून मला वॉचमन सलाम करू लागला. त्याआधी चार वर्षांत त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं. हळूहळू मी काचेच्या आतच राहायला शिकलो. घराची काच, गाडीची काच, ऑफिसची काच. मधल्या पावलांपुरती छत्री. बेडरूमच्या खिडकीबाहेर एसीचा डबा आहे, त्यावर त्यातला एक येऊन बसतो. मान वाकडी करून आधी डाव्या डोळ्यानं बघतो, मग उजव्या, म्हणजे दोन प्रती काढून ठेवतो. मीही बघतो. पाच वर्षं मी रोज जिथं दूध घेतो तिथला माणूस मला रोज नव्यानं भेटतो. सरकारी कार्डावर माझा फोटो आहे, त्यात मी माझ्यासारखा दिसत नाही. ऑफिसात मला दोन वर्षं प्रतापऐवजी प्रदीप म्हणतात आणि मीही ओ देतो. आणि हा पक्षी, मिशी काढली तरी, टोपी घातली तरी, अंधारलेल्या काचेमागून, हाच तो असं शंभर टक्के खात्रीनं सांगू शकतो. घाबरायला हवं, तर मी घाबरायचोच. पण सुट्टीच्या दिवशी तो उशिरा आला तर मी पडदा सरकवून बघायचो, हेही आहे.

तर अशा लोकांपुढे मी पान घेऊन उभा होतो. भात, वर दही, काळे तीळ, केळीचं पान सुपरमार्केटातलं, आणि श्रीखंडाच्या दोन वड्या. वडिलांना साखर झाल्यापासून वडी बंद होती, म्हणून मुद्दाम. पान ठेवून मी दहा पावलं मागे गेलो. सात माना माझ्याबरोबर फिरल्या. आई म्हणाली, "बोल आता. त्यांच्या मनात काय राहिलं असेल ते बोल. मोठ्यानं बोलावं लागतं." मी म्हणालो, "आईला सांभाळीन." काही नाही. "लग्न करीन म्हण." मी म्हणालो, "ही त्यांची इच्छा की तुझी?" "आमचं काय वेगळं होतं?" मी कावळ्यांना सांगितलं की मी लग्न करीन. ते एकमेकांकडे बघत नव्हते, पण बघायला हवं होतं. "गॅलरीच्या ग्रिलला रंग देईन म्हण. फार मनात होतं त्यांच्या." मी म्हणालो, ग्रिलला रंग देईन. एकानं मान वाकडी केली. मला वाटलं तपशील कमी पडतोय, म्हणून म्हणालो, हिरवा. तो उडाला, माझ्या डोक्यावरून एक फेरी मारून परत जागेवर बसला. हसू येत होतं, ते मी दाबलं. कारण मला माहीत होतं, ते का येत नाहीत. आईला वाटत होतं की वडील रागावलेत. मला माहीत होतं की कावळे रागावलेत. मग उन्हात उभं राहून राहून या दोन गोष्टी वेगळ्या धरून ठेवणं जमेना. सातातला एक जरा पोक काढून, पंख मागे दुमडून बसला होता, हात मागे बांधून उभं राहिल्यासारखा. वडील बँकेत असे उभे राहायचे.

"तिथं व्हिडिओ नाही ना चालत?" आई म्हणाली. नाही चालत, इथं असले कॉल बंदच आहेत. "बरं मग फोन त्यांच्याकडे धर. मी बोलते." मी स्पीकर लावला आणि फोन कावळ्यांच्या दिशेनं लांब धरला. आईचा आवाज उन्हात बारीक होऊन गेला. "अहो," ती म्हणाली, "ऐका. पोराचा काही दोष नाही. तो यायला निघाला होता हो, तो मेला अर्बाब सोडत नाही त्याला. तुम्हाला काय सांगायचं, माहीतच आहे. गणपतीला नाही सोडलं, तुमच्या ऑपरेशनला नाही सोडलं. आता तरी सोडावं की नाही माणसानं? बाप गेला तरी सोडलं नाही. राग त्याच्यावर धरा. पोरावर नको." सातही कावळे फोनकडे बघत ऐकत होते. मध्येच एकही ओरडला नाही. हात लांब धरून माझा खांदा भरून आला तरी मला तो खाली घेता येईना, कारण ते जे बोललं जात होतं त्यातलं वाक्य न् वाक्य माझं होतं.

अर्बाब म्हणजे मालक. आमच्या अर्बाबचं नाव खल्फान. पहिल्या वर्षी गणपतीला ये म्हणून आईचा फोन आला, तेव्हा वर्ष भरल्याशिवाय रजा नाही असा खरंच नियम होता. मी म्हणालो, अर्बाब सोडत नाही. ते वाक्य इतकं छान बसलं की मी ते ठेवून दिलं. मामेबहिणीचं लग्न आलं, मी ते काढून वापरलं. वडिलांच्या छातीत तार घालायची होती तेव्हाही तेच. दोन वर्षांतून एकदा कंपनी आपणहून तिकीट हातात देते तेवढा मी जातो. बाकी कधी मागितलंच नाही, त्यामुळे त्यानं कधी नाकारलंही नाही. का मागितलं नाही असं कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. तिकडे गेलं की मला कुणीतरी असावं लागतं. दार उघडल्याबरोबर मुलगा व्हावं लागतं, सोसायटीच्या जिन्यात परदेशातला व्हावं लागतं, रात्री वडिलांच्या शेजारी बसून बातम्या बघताना मोठा झालेला व्हावं लागतं. इथं मी कुणी नाही, त्यामुळे काही चुकत नाही. दरम्यान चिंचवडच्या घरात खल्फान वाढत गेला. आईनं त्याला उंची दिली, दाढी दिली, तीन बायका दिल्या. देवाला दिवा लावताना ती त्याला रोज एक शिवी घालते, नेमानं. खरा खल्फान बुटका आहे, त्याला जिने चढताना दम लागतो आणि रमझानमध्ये तो सगळ्यांना खजुराचा डबा देतो. ते डबे मी घरी नेले तेव्हा सांगितलं की विकत घेतले. वडील त्यातला खजूर चोरून खायचे आणि बी खिशात ठेवायचे. ते त्याला शिव्या देत नसत. ते फक्त विचारायचे, ऊन किती? मी म्हणायचो, चव्वेचाळीस. ते म्हणायचे, इथं छत्तीस. एवढंच आमचं बोलणं. हिवाळ्यात आकडे जवळ आले की दोघांनाही जरा अवघडायचं.

ते गेल्याचा फोन आला ती सकाळ. दुपारी दीडचं विमान होतं, त्यात जागा होती, मी बघितलं होतं. मी खल्फानच्या केबिनबाहेर उभा राहिलो. काचेतून तो पेरू कापताना दिसत होता, एकेक फोड मिठात बुडवून. दार ढकललं की झालं. आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की तो हो म्हणेल. तो लगेच हो म्हणेल. आणि तो इतक्या पटकन हो म्हणेल की मागच्या पाच वर्षांतली एकूण एक 'नाही' उठून माझ्या नावावर येऊन बसेल. मी परत जागेवर गेलो. फोन लावला आणि आईला म्हणालो, अर्बाब सोडत नाही. मी रडत होतो, ते खरं होतं. आई म्हणाली, तू नको रडूस, त्याचं वाटोळं होईल.

"काय रे इंजिनीयर, अजून नाय झाला?" हारूनभाई लिफ्टच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. मी फोनचा स्पीकर बंद केला आणि मान हलवली. त्यांनी पानाकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुझा तोंड बघून ते जन्मात उतरायचे नाय. आपलेच हायत हे, जहाजावर बसून आलेले. आपल्या लोकांसारखाच त्यांचा. एकदा मनात धरला की धरला." मी म्हणालो, "घरटं तर तुम्ही काढलंत." "मी कुठं काढला, फडक्यानं काढला," ते म्हणाले. हारूनभाई रोज दुपारी डब्यातल्या माशाचं डोकं कठड्यावर ठेवतात. कावळे त्यांच्या पायात घोटाळतात. जगात असंही असतं. "तू आत जा. दाराच्या मागे. मी ठेवतो पान." मी म्हणालो, "तुम्हाला चालेल?" "पक्ष्याला दाणा टाकायला काय मनाई हाय? आणि तुझ्या बापाशी बोललोय मी एकदा. तुझा फोन चार्जिंगला होता तेव्हा. मला विचारलान, ऊन किती."

मी जिन्यात गेलो. गच्चीचं लोखंडी दार, त्याला वहीएवढी काच, काचेत तारेची जाळी. आत हवा नव्हती. सहा मजल्यांची गरम हवा वर येऊन तिथं, माझ्याबरोबर, थांबली होती. काचेवर नाक टेकवून मी बघत होतो. हारूनभाईंनी पान उचललं, जरा झाडून पुन्हा त्याच जागी ठेवलं. डोक्यावर रुमाल घेतला. दोन पावलं मागे सरले आणि पाहुण्याला म्हणावं तसं हळू म्हणाले, "या हो काका. जेवून घ्या." त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. तो पोक काढलेला खाली उतरला, दोन उड्या मारून पानाशी आला आणि त्यानं आधी वडी उचलली. भात नाही, वडी. मग दुसरा आला, त्यानं भातात चोच घातली. मग सगळे. इतकं सोपं होतं. माझ्या घशातून काहीतरी आवाज आला असावा, कारण वडीवाल्यानं खाता खाता मान वर करून दाराच्या काचेकडे बघितलं, आधी डाव्या डोळ्यानं, मग उजव्या. मी खाली बसलो. दाराला पाठ लावून, पायरीवर, फोन कानाला लावून म्हणालो, "शिवला."

आई बराच वेळ रडली. मग नाक ओढून म्हणाली, "बघितलंस? पटलं त्यांना. मी बोलले म्हणून. तुझा नाइलाज होता हे कळलं त्यांना. सुटले बघ, आणि तूही सुटलास. मी ताट वाढून घेते." फोन ठेवला. मी पायरीवर बसून राहिलो. म्हणजे आता वडिलांनाही तसंच वाटत होतं. आतापर्यंत निदान एक शक्यता होती, की मेलेल्या माणसाला वरून सगळं दिसतं, केबिनची काच दिसते, पेरू दिसतो, आणि म्हणून ते चिंचवडला झाडावरून उतरले नाहीत. मला ती शक्यता हवी होती असं नाही. पण ती गेली. माझा बाप माझी थाप पोटात घालून, वर वडी खाऊन, शांत झाला होता, आणि आता त्याला जाऊन खरं सांगायची सोय कुठल्याच शास्त्रात नव्हती. बाहेर हारूनभाई कावळ्यांना काहीतरी सांगत होते. मला दार उघडता येत नव्हतं.

तिथं बसल्या बसल्या मला एक उपाय सुचला आणि तो इतका बिनतोड वाटला की मी सहाही जिने उतरून, छत्री न घेता, थेट ऑफिसला गेलो. अर्बाबनं नकार द्यायला हवा होता, एवढंच. आज. आता. पाच वर्षांच्या थापेखाली एक खरा नकार सरकवून दिला की ती उभी राहिली असती. उशिरा का होईना, खरी झाली असती. लेखी मिळाला तर फारच छान. मी पूर्ण विचार केला होता. मार्च महिना, उन्हाळ्याआधीची चिलरची सफाई अर्धी, दोन माणसं आधीच आजारी. अशा वेळी मी एक महिन्याची रजा मागणार होतो, आजपासून, कारण न सांगता. नकार मिळवण्यासाठी याहून चांगला अर्ज करता येत नाही.

खल्फान कॉफी पीत होता. कामाचे कागद वेगळ्या ढिगात, वर्तमानपत्र वेगळं. त्याचं हिंदी आमच्या साइटवर तयार झालेलं आहे. "छुट्टी? कितना दिन?" "एक महिना," मी म्हणालो. "आज से." त्यानं मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. "चिलर?" मी म्हणालो, "चिलर आधा बाकी है." मी त्याला होईल तितकी मदत करत होतो. त्यानं डोकं खाजवलं, आता नाही म्हणेल, त्याच्या तोंडात आलेलं मला दिसलं. आणि मग त्यानं विचारलं, "क्यों?" हे मी ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "फादर." "बीमार?" "नहीं." त्यानं कप खाली ठेवला. "कब?" "ग्यारह दिन." तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात कॉफीच्या कपामुळे गरम होते. अल्लाह त्यांच्यावर दया करो, असं काहीतरी तो अरबीत पुटपुटला. मग एकदम चिडला. "ग्यारह दिन तुम इधर चिलर देखता? तुम पागल है? हमको क्यों नहीं बोला?" कोरा फॉर्म ओढून त्यानं खाली सही केली, तारखा न भरता. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. "अब माँ को फोन लगाओ. हम बात करेगा." मी म्हणालो, "जरूरत नहीं, अर्बाब." तो म्हणाला, घरात माणूस गेला आणि आम्ही दोन शब्दही बोललो नाही, ही आमच्यासाठी शरमेची गोष्ट आहे. मी म्हणालो, "माँ को हिंदी नहीं आती." तो म्हणाला, "हमको आती है." टेबलावरच्या माझ्या फोनमध्ये शेवटचा नंबर आईचाच होता. त्यानं स्वतःच दाबला.

आई परदेशचा फोन म्हणून नेहमी मोठ्यानं बोलते, त्यामुळे स्पीकर लावायची गरज पडली नाही. "जेवतेय रे मी," तिचा आवाज भरल्या तोंडाचा आला. "दुसरा भात घेतलाय." खल्फान उभा राहिला, सरळ. "माताजी, सलाम. हम खल्फान. प्रताप का अर्बाब." त्यानं घसा साफ केला. "हमको माफ करना, माताजी. हमको आज मालूम पडा. अभी, दस मिनट. पहले बोलता, तो हम उसी दिन भेजता." पंख्याचा आवाज येत होता, चिंचवडच्या स्वयंपाकघरातल्या. मग आई हिंदीत म्हणाली, "आज?" "हां माताजी. आज." "उसने पूछा नहीं था?" "नहीं." "कभी भी नहीं?" खल्फाननं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, तो माझी बाजू घेतोय. "कभी नहीं. पाँच साल में एक बार नहीं. बहुत अच्छा लडका. हम सोचता था, घर में झगडा होगा."

ताट सरकवल्याचा आवाज आला. फरशीवर स्टीलचा. मग आई मराठीत, अजिबात आवाज न चढवता, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "त्याला सांगा, आता येऊ नकोस म्हणावं."

खल्फाननं फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "क्या बोली?"

फॉर्म आमच्या दोघांच्या मधे होता. त्याच्या सहीची शाई अजून चमकत होती.

"शुक्रिया बोली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा मऊ झाला. त्यानं हात छातीवर ठेवला आणि फोनमध्ये, आईला नीट कळावं म्हणून हळूहळू, म्हणाला, "शुक्रिया मत बोलो, माताजी. आपका ही लडका है. आज रात को भेजता हूँ."